रंगत आणि न्याय

खेळ पाहणाऱ्याला संतापण्याचा अधिकार आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. खेळणारा घाम गाळतो, प्रसंगी जीव धोक्यात घालतो. पाहणारा शेंगदाणे खात खुर्चीत बसलेला असतो. त्याने चार घटका आनंद लुटावा, टाळ्या वाजवाव्यात आणि आपल्या वाटेने जावे, एवढाच त्याचा वाटा, असे कोणी म्हणेल. अशा माणसाच्या रागालोभाचा विचार नीतिशास्त्राने का करावा? आमच्या मते तो करायला हवा, आणि तो का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उदाहरणादाखल आम्ही फॉर्म्युला वन ही मोटारशर्यत घेतली आहे. दिंडोशी ही काही मोटारशर्यतींची भूमी नव्हे. एका अंगाला द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या अंगाला चित्रनगरी आणि तिच्यामागचे डोंगर, मध्ये म्हाडाच्या व नागरी निवारा परिषदेच्या वसाहती, झोपड्या आणि अलीकडे उभे राहिलेले उंच मनोरे. येथे वेग म्हणजे सिग्नल सुटताच रिक्षाने घेतलेली झेप. तरीही या वस्तीतले कितीतरी तरुण या शर्यतींचे निस्सीम चाहते आहेत. युरोपातील शर्यती आपल्याकडे बहुधा रविवारी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात आणि सायंकाळच्या मिस्साची वेळही त्याच सुमाराची असते. त्यामुळे धर्मग्रामातील कोणाची निष्ठा किती वेगवान आहे, हे धर्मगुरूला न विचारताच कळते!

ज्या वाचकांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चाके उघडी असलेली, एकच माणूस बसू शकेल अशी मोटार. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाणारा वेग. सुमारे तीनशे पाच किलोमीटरचे अंतर. आणि २०२५ सालापर्यंत दहा संघांचे मिळून वीस चालक. वर्षभर देशोदेशी होणाऱ्या शर्यतींतील गुणांची बेरीज करून जगज्जेता ठरतो. गाडी बांधण्यापासून टायर बदलण्यापर्यंत शेकडो माणसांचे कसब त्यामागे असते आणि पैसा तर पाण्यासारखा वाहतो. आमच्या वस्तीतल्या मुलाला त्या गाडीत बसायला मिळण्याची शक्यता नाही म्हटले तरी चालेल. तरीही तो पाहतो, आकडे तोंडपाठ करतो, आवडत्या चालकासाठी मित्रांशी भांडतो आणि वारंवार संतापतो.

या संतापाची कारणे आम्ही अनेकदा ऐकली आहेत. एकच गाडी सतत जिंकते, त्यात पाहण्यासारखे काय उरले? नियम दर दोन-चार वर्षांनी बदलतात. पंच एकाला एक न्याय लावतात, दुसऱ्याला दुसरा. पैसेवाल्याच्या मुलाला जागा मिळते, गुणी मुलगा बाहेर राहतो. आणि या साऱ्या तक्रारींचा समारोप एका मुंबईकर शब्दात होतो. एका तरुणाने तो आम्हाला ऐकवला : ‘‘फादर, सगळं सेटिंग असतं.’’ हा शब्द ऐकून आम्ही थबकलो, कारण तोच तरुण नोकरीच्या मुलाखतीबद्दल, परीक्षेबद्दल आणि न्यायालयाबद्दलही तोच शब्द वापरतो. शर्यत पाहता पाहता जगाविषयीचे एक मत तयार होते. ते मत खरे की खोटे, हा प्रश्न मग खेळापुरता राहत नाही.

यासाठी प्रथम तक्रारींची पाखडणी केली पाहिजे. सुपात दाणा आणि कोंडा एकत्रच येतात.

पहिली तक्रार कंटाळ्याची. २०२३ साली बावीस शर्यतींपैकी एकवीस रेड बुल संघाने जिंकल्या आणि त्यांतील एकोणीस मॅक्स व्हर्स्टॅपन या एकट्या चालकाने. पाहणारे वैतागले. पण यात अन्याय कोणावर झाला? ज्याने उत्तम गाडी बांधली आणि ती उत्तम चालवली तो जिंकला. वर्गातला हुशार मुलगा दरवर्षी पहिला येतो म्हणून शिक्षकाने त्याचे गुण कापावेत, असे कोणी म्हणत नाही. कंटाळा हे दुःख आहे, पण ते अन्यायाचे दुःख नव्हे.

दुसरी तक्रार सवयीची. २०१८ साली चालकाच्या डोक्याभोवती धातूची एक मजबूत कमान बसवणे सक्तीचे झाले. तिला ‘हॅलो’ म्हणतात. संतांच्या चित्रांतील प्रभावळीला इंग्रजीत जो शब्द आहे तोच. गाडी विद्रूप झाली, उघड्या गाडीची परंपरा बुडाली, चालकाचे शिरस्त्राणही नीट दिसत नाही, अशी ओरड झाली. रोमाँ ग्रोजाँ हा फ्रेंच चालकही तिच्या विरोधात होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीन येथे पहिल्याच फेरीत त्याची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. अर्ध्या मिनिटाहून थोड्या कमी वेळात तो ज्वाळांतून बाहेर आला. हात भाजले, पण प्राण वाचले. त्या कमानीनेच आपल्याला वाचवले, असे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितले. प्रेक्षकाच्या डोळ्यांचे सुख आणि खेळाडूचे प्राण एकाच तराजूत घालायचे नसतात, हे त्या रात्री जगाने पाहिले.

तिसरी तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे. ती फसवणुकीची. तिच्याकडे वळण्यापूर्वी एका जुन्या भेदाची आठवण करून देणे आवश्यक आहे.

ॲरिस्टॉटलने ‘वक्तृत्वशास्त्र’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात मत्सर आणि रास्त चीड यांतील फरक दाखवला आहे. दोन्हींत दुसऱ्याचे भाग्य पाहून मनाला क्लेश होतो. मत्सरी माणसाला क्लेश होतो तो आपल्याच बरोबरीच्या माणसाला काही लाभले म्हणून. रास्त चीड येते ती अपात्र माणसाला लाभले म्हणून. ही दुसरी भावना ॲरिस्टॉटल सज्जनाचे लक्षण मानतो. संत थॉमस अक्वायनस मात्र त्याच्याशी पूर्णपणे सहमत होत नाहीत. ऐहिक लाभ अपात्रालाही मिळतात. त्यांचे वाटप परमेश्वराच्या न्याय्य योजनेत असते. म्हणून त्यावरून मनाचा जळफळाट करून घेऊ नये, असा त्यांचा कौल आहे.

मग चाहत्याने गप्प बसावे काय? आम्हाला वाटते, येथे आणखी एक रेषा ओढायला हवी. जे दैवाने येते ते एक आणि जे माणसाने शब्द देऊन मोडले ते दुसरे. पाऊस, फुटलेले टायर, बंद पडलेले इंजिन हे दैव. नियमपुस्तक म्हणजे माणसांनी माणसांना दिलेला शब्द. दैवाविरुद्धची तक्रार आवरायची असते. दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे हा मात्र न्यायाचाच भाग आहे.

२००८ सालचा हंगाम या दोन्हींचे उदाहरण आहे. २ नोव्हेंबरला साव पावलो येथे, आपल्याच गावी, फिलीपे मासा याने शेवटची शर्यत जिंकली. त्याच्या घरच्यांनी जल्लोष सुरू केला. तेवढ्यात पावसाने निसरड्या झालेल्या मार्गावर, अखेरच्या फेरीच्या अखेरच्या वळणांपाशी लुईस हॅमिल्टनने एक गाडी मागे टाकली आणि एका गुणाने जगज्जेतेपद पटकावले. मासा व्यासपीठावर उभा राहिला, छातीवर हात ठेवून त्याने आपल्या लोकांना वंदन केले. त्याने कोणाला दोष दिला नाही. तो दैवाचा घाव होता.

परंतु त्याच हंगामात, २८ सप्टेंबरला, सिंगापूर येथे रेनॉ संघाच्या नेल्सन पिके ज्युनियर याने मुद्दाम गाडी भिंतीवर आदळली होती. सहकारी फर्नांडो अलोन्सोला लाभ व्हावा म्हणून आखलेला तो बेत होता आणि अलोन्सो ती शर्यत जिंकलाही. त्या गोंधळात आघाडीवर असलेल्या मासाची शर्यत हातची गेली. सत्य उघड झाले ते पुढच्या वर्षी. पावसाविरुद्ध मासाने कधी तक्रार केली नाही. त्या फसवणुकीसंबंधी मात्र त्याने २०२४ साली लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याचे काय व्हायचे ते होवो. कोणते दुःख गिळायचे आणि कोणत्या दुःखाची दाद मागायची, हा विवेक त्या माणसाने दाखवला.

आता आपल्या भारतीयांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट. नारायण कार्तिकेयन हा या स्पर्धेत उतरलेला पहिला भारतीय. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे तो चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. भारतीय चालकाने मिळवलेले ते पहिले गुण. २०२५ चा हंगाम संपेपर्यंत तरी ते एकमेवही होते. त्या चौथ्या क्रमांकाचा आपल्याकडे अभिमान वाटला, आणि तो स्वाभाविक होता. पण त्या दिवशी तिथल्या प्रेक्षागारात काय चालले होते?

मिशेलिन कंपनीचे टायर तेथील एका उतरत्या, वेगवान वळणावर टिकणार नाहीत असे सरावात दिसून आले होते. त्या वळणाच्या आधी वेग कमी करणारा अडथळा घालावा, ही सूचना आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने फेटाळली. शर्यतीपूर्वीची संथ फेरी पूर्ण होताच मिशेलिनचे टायर लावलेल्या चौदा गाड्या आत वळल्या आणि मैदानात सहाच उरल्या. हजारो मैलांवरून आलेल्या, तिकिटे काढून बसलेल्या लोकांनी आरडाओरडा केला, बाटल्या फेकल्या. त्या सहांपैकी एका गाडीत आपला कार्तिकेयन होता. मिशेलिनने पुढे तिकिटांचे पैसे परत केले.

येथे विवेकाची खरी कसोटी लागते. कार्तिकेयनचा त्यात काडीचाही दोष नव्हता. त्याची गाडी सुरक्षित होती, त्याने ती शेवटपर्यंत चालवली, गुण नियमाने मिळाले. त्याचा आनंद खरा होता. प्रेक्षकांचा संतापही खरा होता. आपल्याला मात्र एकच गोष्ट दिसते : आपला माणूस चौथा आला. स्पर्धा पातळ झाली होती हे आपण दुसऱ्याच्या यशाबाबत लगेच बोलून दाखवतो. आपल्या यशाबाबत ते आठवत नाही. चाहत्याच्या नीतिमत्तेचे दुखरे ठिकाण नेमके हेच आहे. अन्याय ओळखण्याची आपली दृष्टी तीक्ष्ण असते, पण ती एकाच डोळ्याची असते.

पुढे ही शर्यत आपल्या देशातही आली. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे ती झाली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. आणि मग ती थांबली. थांबण्याच्या कारणांत करांचा वाद मोठा होता. हा खेळ आहे की करमणूक? उत्तर प्रदेश शासनाने करमणूक ठरवून करमणूक कर लावला. केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेही २००९ सालीच याला खेळापेक्षा व्यावसायिक करमणूक मानले होते. चाहते चिडले, सरकारी बाबूंना खेळातले काय कळते म्हणाले. आम्हाला मात्र त्या करअधिकाऱ्याचा प्रश्न मार्मिक वाटतो. करमणुकीत शेवट रंगतदार व्हावा म्हणून कथा हवी तशी वळवता येते. आमच्या शेजारच्या चित्रनगरीत रोज तेच चालते आणि त्यात गैर काही नाही. खेळात शेवट कोणीही लिहिलेला नसतो. जो खेळ शेवट लिहू लागतो तो स्वतःहून करमणुकीच्या रकान्यात जाऊन बसतो.

हा प्रश्न सर्वांत उग्र रूपात उभा राहिला तो १२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबी येथे. हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन अगदी समान गुणांवर, प्रत्येकी ३६९.५, अखेरच्या शर्यतीत उतरले. हॅमिल्टन आघाडीवर होता. अठ्ठावन्नपैकी पाचच फेऱ्या उरल्या असताना निकोलस लतिफी या चालकाची गाडी आदळली. मार्ग मोकळा होईपर्यंत सर्वांनी सेफ्टी कारच्या मागे हळू चालायचे असते. व्हर्स्टॅपनने तेवढ्यात नवे टायर बसवून घेतले. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. शर्यतीचे संचालक मायकेल मासी यांनी आधी त्यांना पुढे जाण्यास मनाई केली. मग फक्त त्याच पाचांना जाऊ दिले, इतरांना नाही. आणि नियमाप्रमाणे आणखी एक फेरी थांबायचे तेही थांबले नाहीत. एक फेरी उरली. नव्या टायरांच्या व्हर्स्टॅपनने जुन्या टायरांच्या हॅमिल्टनला गाठले आणि तो जगज्जेता झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मासी यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. मार्चमध्ये महासंघाचा अहवाल आला : संचालकांनी सद्हेतूने काम केले, पण मानवी चूक झाली, निकाल मात्र कायम.

ही चूक का झाली? मासी यांनी पैसे खाल्ले, असे कोणी सिद्ध केलेले नाही. शर्यत सेफ्टी कारच्या मागे रेंगाळत संपू नये, मोकळ्या मार्गावर चुरशीने संपावी, अशी संघांची आधीपासूनच सामायिक इच्छा होती. ती इच्छा कोणासाठी? आपल्यासाठी, म्हणजे पाहणाऱ्यांसाठी. ‘कंटाळा आला, रंगत हवी’ ही आपली पहिली तक्रार आठवावी. त्या तक्रारीचे निवारण करण्याच्या घाईत नियम वाकला आणि त्यातून तिसरी तक्रार, फसवणुकीची, जन्माला आली. ज्या प्रेक्षकाने रंगत मागितली तोच दुसऱ्या दिवशी न्याय मागत उभा राहिला. दोन्ही मागण्या त्याच्याच होत्या, आणि त्या एकमेकींच्या आड आल्या.

आमच्या दिंडोशीत सत्र न्यायालय आहे. तेथील एखादा खटला वर्षानुवर्षे संथपणे चालतो. तारखांवर तारखा पडतात. बाहेर बाकड्यावर बसलेली माणसे जांभया देतात. त्या माणसांना बरे वाटावे म्हणून न्यायाधीशाने चार साक्षीदार गाळून त्याच दुपारी सनसनाटी निकाल द्यावा काय? निकाल कदाचित योग्य माणसाच्या बाजूने लागेलही. पण त्या दिवसापासून न्यायालयाबद्दल लोक काय म्हणतील? तोच शब्द म्हणतील : सेटिंग.

आणि संताप एकदा मोकाट सुटला की तो कोणावर जाऊन पडेल याचा नेम नसतो. लतिफीची गाडी अपघाताने आदळली होती. त्याचा त्या निर्णयाशी काही संबंध नव्हता. तरी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि लंडनमध्ये काही काळ अंगरक्षक घेऊन फिरावे लागले. ही वृत्ती जुनी आहे. इ. स. ५३२ मध्ये कॉन्स्टंटिनोपल नगरीत रथशर्यतींच्या निळ्या आणि हिरव्या गटांच्या चाहत्यांच्या दंग्यातून राजधानी पेटली आणि तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियसच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे तीस हजार माणसे मारली गेली. याउलट, ज्याचे जगज्जेतेपद गेले त्या हॅमिल्टनने गाडीतून उतरून प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले. ज्याला रागावण्याचा सर्वांत जास्त अधिकार होता त्याने तो सर्वांत कमी वापरला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. पाहणाऱ्याला संतापण्याचा अधिकार आहे, कारण तो साक्षीदार आहे. साक्षीदाराविना जिंकण्या-हरण्याला अर्थ उरत नाही आणि साक्षीदाराला खोटे दाखवणे हा त्याचा अपराध करणेच होय. पण साक्षीदाराचे कर्तव्यही त्याला चुकत नाही. राग आला की त्याने नावांची अदलाबदल करून पाहावी. अबू धाबीला हॅमिल्टन मागे असता आणि त्याच्यासाठी पाच गाड्या बाजूला काढल्या असत्या, तर हाच राग आला असता काय? आला असता, तर तो न्यायाचा राग. नसता, तर तो मत्सर, नियमपुस्तकाचा बुरखा घेतलेला. दुसरे, न्यायाची किंमत मोजण्याची तयारी हवी, आणि ती किंमत पुष्कळदा कंटाळा हीच असते. त्या रात्री शर्यत सेफ्टी कारच्या मागे संथपणे संपली असती, तर ती नीरस झाली असती, पण खरी झाली असती.

राहता राहिला ‘सगळं सेटिंग असतं’ हा निष्कर्ष. असे म्हणणाऱ्या तरुणाला आम्ही दोष देत नाही. उलट, खोटे नाणे तोच ओळखतो ज्याच्या बोटांना खऱ्या नाण्याचा स्पर्श ठाऊक असतो. सारीच नाणी खोटी असती तर खोटे हा शब्दच निर्माण झाला नसता. त्याच्या वैतागाच्या तळाशी खऱ्या स्पर्धेची ओढ शाबूत आहे. तिला निराशेची वाळवी लागू नये, एवढी काळजी आपण वडीलधाऱ्यांनी घ्यायची.

त्यासाठी परदेशातल्या महासंघाला पत्रे लिहिण्याची गरज नाही. वस्त्यांतील मैदानांवर रविवारी फुटबॉलचे सामने होतात. शेवटच्या मिनिटाला आपल्याच गल्लीतल्या मुलाच्या हाताला चेंडू लागतो, पंच शिट्टी वाजवतो, आणि कडेला उभे असलेले शंभर जण क्षणभर गप्प होतात. त्या क्षणी ‘बरोबर आहे, हात लागला’ असे मोठ्याने म्हणणारा एक जरी माणूस त्या शंभरांत निघाला, तरी शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाला न्याय म्हणजे काय, ते जन्मभरासाठी कळते.